भूजलातील युरेनियम आणि सूक्ष्म जिवाणू

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी, रायफल नावाचे एक लहान गाव आहे. या गावाच्या शिवेवर १९२४ साली खनिजावर प्रक्रिया करणारा एक कारखाना उभा राहिला. पोलाद कणखर करण्यासाठी लागणारा व्हॅनेडियम हा धातू आरंभी तेथे काढला जात असे. पुढे चाळिसाच्या दशकात त्याच खनिजातून युरेनियमही काढले जाऊ लागले. १९५८ साली हा जुना कारखाना बंद झाला. मागे राहिला तो धातू काढून घेतल्यानंतरचा बारीक चुरा. युरेनियमच्या कारखान्यात मूळ खनिजाचे वजन फार आणि हाती येणारा धातू अगदी थोडा, त्यामुळे असा चुरा डोंगराएवढा साचतो. तो रायफल येथे नदीकाठीच, उघड्यावर पडून होता.

१९७८ साली अमेरिकन संसदेने अशा चुऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार रायफलचा चुरा उचलून गावापासून दूर, खास बांधलेल्या बंदिस्त जागेत पुरण्यात आला. हे काम १९९६ साली संपले. उकरलेल्या जागी स्वच्छ माती भरण्यात आली आणि वरून पाहणाऱ्याला तेथे एक मोकळे माळरान तेवढे दिसू लागले. जमीन स्वच्छ झाली. जमिनीखालचे पाणी मात्र स्वच्छ झाले नाही. कित्येक दशके पावसाचे व बर्फाचे पाणी त्या चुऱ्यातून झिरपत खाली गेले होते आणि त्याने युरेनियमचा अंश वाळू-गोट्यांच्या थरात नेऊन ठेवला होता. चुरा उचलता येतो, पाण्याचा थर उचलता येत नाही. नदीच्या दिशेने वाहणारे भूजल हळूहळू आपोआप धुऊन निघेल व शंभर वर्षांच्या आत प्रश्न मिटेल, असा हिशेब करण्यात आला होता. पुढील निरीक्षणांत युरेनियमचे प्रमाण त्या हिशेबाप्रमाणे उतरत नसल्याचे आढळले.

अशा ठिकाणी आणि अशा पाण्यात गेली पस्तीस वर्षे शास्त्रज्ञ एका वेगळ्याच कामगाराची परीक्षा घेत आहेत. हा कामगार म्हणजे मातीतील सूक्ष्म जिवाणू होय. ‘युरेनियम खाणारे जिवाणू’ असे मथळे वृत्तपत्रांतून अधूनमधून झळकतात. ते वाचून जिवाणू युरेनियमचा फडशा पाडतात, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण ती समजूत सर्वस्वी चुकीची असून या विषयातील निम्मा गोंधळ तिच्यामुळेच होतो.

विरघळणारे रूप आणि न विरघळणारे रूप

युरेनियम हे मूलद्रव्य आहे. मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली त्याचा शोध लावला. सांडपाण्यातील मैला किंवा सांडलेले तेल जिवाणूंच्या तावडीत सापडले की त्याचे तुकडे होतात आणि शेवटी कर्बवायू व पाणी उरते. मूलद्रव्याचे असे तुकडे करणे कोणत्याही जिवाणूला शक्य नाही. किरणोत्सर्गामुळे युरेनियम आपण होऊन क्षय पावते हे खरे. परंतु त्याच्या सर्वांत विपुल प्रकाराचा निम्मा साठा क्षय पावण्यास सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात. पृथ्वीचे वयही जवळजवळ तेवढेच आहे. याचा सरळ अर्थ असा की, एखाद्या गावच्या पाण्यात उतरलेले युरेनियम मानवी हिशेबात कधीही नाहीसे होणार नाही. ते कोठे राहील आणि कोणत्या रूपात राहील, एवढेच बदलता येते.

आणि रूपालाच येथे सारे महत्त्व आहे. भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियमच्या अणूने आपले सहा इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. या अवस्थेत तो प्राणवायूच्या दोन अणूंशी बांधला जातो, पाण्यातील कार्बोनेट व कॅल्शियम यांच्याशी सोयरीक करतो आणि साखरेसारखा विरघळून पाण्याबरोबर वाटेल तेथवर प्रवास करतो. याच अणूला दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले की त्याचे वर्तन पालटते. तो पाण्यातून बाहेर पडतो, काळसर खनिजाच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने वाळूच्या दाण्यांना चिकटतो आणि तेथेच बसून राहतो. इलेक्ट्रॉन देण्याच्या या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण आणि काढून घेण्याच्या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंडाला गंज चढतो ते ऑक्सिडीकरण, आणि भट्टीत लोहखनिजापासून लोखंड मिळते ते क्षपण, हे उदाहरण शाळेतील विद्यार्थ्यांनाही परिचित असते.

नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सर्ग तसा सौम्य असतो. पिण्याच्या पाण्यातून ते पोटात गेल्यास पहिला धोका त्याच्या रासायनिक विषारीपणाचा, आणि तो मुख्यतः मूत्रपिंडाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली पिण्याच्या पाण्यासाठी प्रतिलिटर ३० मायक्रोग्रॅम हे प्रमाण सुचवले ते याच कारणाने. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. न विरघळणारे युरेनियम खडकाला चिकटून राहिले तर ते घागरीत येत नाही. म्हणून विरघळलेले रूप न विरघळणाऱ्या रूपात बदलता आले, तर गावाचे पाणी वाचते.

निसर्गात हा खेळ अतिप्राचीन काळापासून चालू आहे. प्रकाशाच्या साह्याने अन्न बनवणाऱ्या जिवाणूंनी सुमारे दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू सोडला. त्यानंतरच युरेनियम मोठ्या प्रमाणावर पाण्यात विरघळून वाहू लागले व पुढे काही जागी एकवटले. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथे ते इतके एकवटले होते की, सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तेथे जमिनीच्या पोटात आपोआप अणुभट्टी पेटली. १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांना तेथील खनिजाच्या मोजमापातील अगदी किंचित तफावतीवरून हे कळले. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या वालुकाश्मांत असलेले युरेनियमचे साठेही बऱ्याच अंशी जिवाणूंच्या करणीने बनले असावेत, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. तोवर असे साठे केवळ रासायनिक क्रियांनी घडतात, असाच सर्वसाधारण समज होता.

चिखलात श्वास घेणारे जीव

अन्नातून ऊर्जा मिळवताना प्रत्येक सजीवाला इलेक्ट्रॉन कोठे तरी टाकून द्यावे लागतात. मनुष्य ते प्राणवायूवर टाकतो. श्वासोच्छ्वास म्हणतात तो त्यासाठीच. पण पाण्याखाली दडलेल्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथील जिवाणू मग जे हाती लागेल त्यावर आपले इलेक्ट्रॉन टाकतात. प्रथम नायट्रेट वापरले जाते, नंतर मँगनीज, त्यानंतर मातीतील लोहाचा गंज आणि पुढे सल्फेट. भाताच्या खाचरात पाणी तुंबून राहिले की लाल माती काही दिवसांनी करडी-काळी होते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. मातीतील गंजाला जिवाणूंनी इलेक्ट्रॉन दिल्याचा तो परिणाम होय. खाडीकाठच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, ती सल्फेटवर श्वास घेणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंमुळे. या दोन जमाती वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. रायफलच्या कथेत दोघींनाही स्थान आहे.

१९८७ साली डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून गंजावर श्वास घेणारा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळाले. भातखाचरांच्या मातीतही या कुळातील जिवाणू विपुल असतात. गंजाचा कण हा घन पदार्थ. तो गिळता येत नाही. म्हणून हा जिवाणू आपल्या शरीराबाहेर इलेक्ट्रॉन वाहून नेतो. त्यासाठी त्याच्या अंगावर विजेच्या तारेसारखे वाहक, केसांहून कितीतरी पट बारीक असे तंतू असतात. हे तंतू नेमके कोणत्या प्रथिनाचे बनलेले आहेत, यावर शास्त्रज्ञांत गेली काही वर्षे चांगलाच वाद चालू आहे.

जो जीव लोहाला इलेक्ट्रॉन देतो, तो युरेनियमलाही देईल काय? लव्हली यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारला आणि होकारार्थी उत्तर १९९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाण्यात विरघळलेले युरेनियम जिवाणूंच्या सहवासात गाळ होऊन खाली बसले. युरेनियम शरीरात शिरले तर ते जिवाणूलाही अपायकारक असते. पण वाहक तंतूंमुळे हा व्यवहार शरीराबाहेरच उरकला जातो आणि जिवाणूचा बचाव होतो, असे २०११ साली मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले.

रायफलचा प्रयोग

प्रयोगशाळेतील काचपात्र आणि नदीकाठची जमीन यांत फार अंतर असते. ते पार करण्याचा प्रयत्न २००२ च्या उन्हाळ्यात रायफल येथे झाला. बाहेरून जिवाणू आणून सोडण्यात आले नाहीत. ते त्या मातीत होतेच, परंतु उपाशी होते. भूजलाच्या वाहत्या धारेला आडव्या अशा ओळीत छिद्रविहिरी खणून त्यांतून ॲसिटेट सोडण्यात आले. ॲसिटेट म्हणजे शिरक्यात जे आम्ल असते त्याचा क्षार. जिओबॅक्टरचे हे आवडते अन्न आहे. धारेच्या खालच्या अंगाला निरीक्षणासाठी आणखी विहिरी होत्या व त्यांतील पाणी वारंवार तपासले जात होते.

परिणाम अपेक्षेपेक्षा लवकर दिसला. नवव्या दिवसापासूनच काही विहिरींत युरेनियम उतरू लागले आणि पन्नास दिवसांच्या आत त्यांपैकी काही विहिरींतील प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेखाली आले. त्याच काळात जमिनीतील जिओबॅक्टरची संख्या इतकी वाढली की, एका टप्प्यावर तेथील जिवाणूंपैकी बहुसंख्य त्याच कुळातील होते. यात लक्षात घेण्याजोगे हे की, जिओबॅक्टर पोसले गेले ते युरेनियमवर नव्हे. युरेनियम तेथे अत्यल्प होते. मातीतील गंज त्याच्या कितीतरी पट अधिक होता. जिवाणू आपला नेहमीचा गंजाचा व्यवसाय करीत होते आणि जाता जाता युरेनियमचेही काम होत होते.

मग चाक उलटे फिरले. अन्नाचा पुरवठा चालूच होता; परंतु विहिरींजवळचा सहज वापरता येणारा गंज संपत आला. जिओबॅक्टर मागे पडले आणि सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी ती जागा घेतली. ॲसिटेट आता तेच फस्त करू लागले. रायफल येथील या दुसऱ्या जमातीला युरेनियमचे काम तितकेसे जमत नव्हते. परिणामी काही विहिरींत युरेनियम पुन्हा चढू लागले. खत जास्त घातले म्हणजे पीक जास्त येते असे नाही. कधी तणच माजते. तशातलाच हा प्रकार झाला. पुढील अनेक वर्षे ॲसिटेटचे प्रमाण, काळ आणि जागा बदलून तेथे प्रयोग करण्यात आले.

या खटाटोपातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. रायफलच्या थरात काही ठिकाणी जुन्या पालापाचोळ्याचे व लाकडाचे अवशेष गाडले गेलेले आहेत. तेथे प्राणवायू नाही आणि माणसाने काही न करताही जिवाणूंनी युरेनियम साठवून ठेवलेले आहे. भूजलाची पातळी वरखाली होते तेव्हा प्राणवायू आत शिरतो आणि या साठ्यांतून युरेनियम थोडे थोडे सुटत राहते. शंभर वर्षांचा मूळ हिशेब चुकण्यामागचे एक महत्त्वाचे कारण तेथे सापडले. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. या पाण्यातील जिवाणूंची जनुके वाचता वाचता कॅलिफोर्निया विद्यापीठातील जिलियन बॅनफील्ड यांच्या गटाला तोवर अज्ञात असलेले जिवाणूंचे समूहच्या समूह आढळले आणि २०१६ साली जीवसृष्टीचा वंशवृक्ष नव्याने रेखाटताना त्यांची भर पडली. युरेनियमच्या कारखान्याखालच्या पाण्याने जीवशास्त्राची क्रमिक पुस्तके बदलावी, हा योगायोग खराच.

वाहनतळाखालचे चार तलाव

रायफल हे तसे सोपे ठिकाण होते. टेनेसी राज्यातील ओक रिज येथे परिस्थिती याहून बिकट होती. तेथील अण्वस्त्र कारखान्याचे सांडपाणी १९५१ पासून १९८३ पर्यंत चार तलावांत सोडले जात होते. तलावांना अस्तर नव्हते. सांडपाण्यात नायट्रिक आम्ल आणि युरेनियम होते. १९८८ साली हे तलाव भरून वर डांबर टाकण्यात आले आणि तेथे वाहनतळ झाला. त्याखालच्या भूजलात प्रतिलिटर ४० ते ५० मिलिग्रॅम युरेनियम आढळले, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या हजारपटीहून अधिक. पाणी चांगलेच आंबट होते. आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे कित्येक ग्रॅम होते.

नायट्रेट हीच तेथील मोठी अडचण. जिवाणूंना इलेक्ट्रॉन टाकण्यास नायट्रेट अधिक फायद्याचे असते. ते शिल्लक असेपर्यंत युरेनियमकडे ढुंकूनही पाहिले जात नाही. म्हणून प्रथम पाणी उपसून नायट्रेट काढावे लागले आणि आंबटपणा कमी करावा लागला. त्यानंतर २००४ पासून मद्यार्क जिवाणूंना अन्न म्हणून देण्यात आला. सुमारे दोन वर्षांच्या चिकाटीनंतर प्रायोगिक विहिरींतील युरेनियम प्रतिलिटर ३० मायक्रोग्रॅमच्या खाली आले. यानंतर संशोधकांनी मुद्दाम प्राणवायू असलेले पाणी आत सोडून पाहिले. युरेनियम पुन्हा विरघळू लागले. अन्न पुन्हा सुरू करताच ते पुन्हा खाली बसले. यश मिळाले, पण ते राखण्यासाठी पहारा ठेवावा लागतो, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले. हा पहारा किती पिढ्या ठेवायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही.

तोच जिवाणू, उलटे काम

येथवरच्या हकिगतीवरून जिवाणू म्हणजे मानवाचे मित्रच, असे वाटण्याचा संभव आहे. पण तोच जीव परिस्थिती पालटताच उलटे काम करतो. २००२ साली लव्हली यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की, ज्या जिवाणूने १९९१ साली युरेनियम खाली बसवले होते, त्यालाच अन्नाऐवजी नायट्रेट आणि न विरघळलेले युरेनियम दिले, तर तो युरेनियमचे इलेक्ट्रॉन काढून नायट्रेटला देतो. खाली बसलेले युरेनियम अशा रीतीने पुन्हा पाण्यात येते.

खाण उद्योगाने तर हे गुणधर्म व्यापारासाठी वापरले. कॅनडातील ओन्टॅरिओ प्रांतातील एलियट लेक परिसरात खाणीतून वाहणाऱ्या आंबट पाण्यात युरेनियम आपोआप उतरत असल्याचे ध्यानात आले. लोह व गंधक यांवर जगणारे, आम्लात सुखाने नांदणारे जिवाणू ते काम करीत होते. १९६० च्या दशकापासून तेथे खनिजावर पाणी फवारून, जिवाणूंकरवी विरघळलेले युरेनियम गोळा केले जाऊ लागले. खाणीत हेच जिवाणू नफा देतात. खाण सोडून दिल्यावर तेच ओढ्यात विष सोडतात.

शेतीशी या प्रकरणाचा संबंध येतो तो नायट्रेटमुळे. युरिया व शेणखत यांतील नत्राचा जो भाग पिकाला लागत नाही, तो नायट्रेट होऊन भूजलात उतरतो. अमेरिकेतील दोन विशाल भूजलक्षेत्रांच्या पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास करून नेब्रास्का विद्यापीठातील जेसन नोलन व कॅरी वेबर यांनी २०१५ साली दाखवले की, युरेनियमने दूषित झालेल्या जागांपैकी सुमारे ७८ टक्के जागांचा नायट्रेटशी संबंध दिसतो. तेथे ना युरेनियमचा कारखाना होता ना खाण. युरेनियम मातीतच होते. प्रत्येक ठिकाणी नायट्रेटनेच ते सोडवले हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तथापि जिवाणूंचे प्रयोगशाळेतील वर्तन आणि शेतांखालच्या पाण्याची स्थिती एकाच दिशेने बोट दाखवतात, हे नाकारता येणार नाही.

फॉस्फेटचा मार्ग आणि तुर्भे येथील संशोधन

इलेक्ट्रॉन देऊन बसवलेले युरेनियम प्राणवायू लागताच उठते, ही अडचण असेल तर प्राणवायू लागूनही उठणार नाही असे रूप शोधणे हाच उपाय. असे रूप आहे, ते म्हणजे युरेनियमचे फॉस्फेट. इलेक्ट्रॉनांची देवघेव न होताच ते तयार होते आणि पाण्यात फारच थोडे विरघळते. काही जिवाणूंजवळ असे विकर असते की ते सेंद्रिय पदार्थातील फॉस्फेट मोकळे करते. मोकळे झालेले फॉस्फेट जवळच्या युरेनियमला पकडून जिवाणूच्या अंगावरच स्फटिक बनवते. इंग्लंडमध्ये लिन मॅकास्की यांनी या पद्धतीचा पाया घातला. त्यांच्या प्रयोगांत जिवाणूंनी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट युरेनियम अंगावर साठवले.

या कामात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी घातलेली भर उल्लेखनीय आहे. किरणोत्सर्गी सांडपाण्यात सामान्य जिवाणू तग धरत नाहीत. १९५६ साली अमेरिकेत, किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात, डायनोकोकस नावाचा एक विलक्षण जिवाणू सापडला होता. माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या हजारपट किरण सोसूनही तो जगतो. त्याच्या जनुकसूत्राचे तुकडे झाले तरी तो ते पुन्हा सांधतो. परंतु फॉस्फेट मोकळे करणारे योग्य ते विकर त्याच्याजवळ नव्हते. दीप्ती अप्पुकुट्टन, अमरा संबाशिव राव व श्रीकुमार आपटे यांनी ते विकर बनवणारे जनुक विषमज्वराच्या जिवाणूतून घेऊन डायनोकोकसमध्ये बसवले. विषमज्वराचे नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. घेतले ते केवळ एका विकराचे जनुक, रोग नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या जिवाणूने प्रतिलिटर सुमारे १९० मिलिग्रॅम युरेनियम असलेल्या द्रावणातून सहा तासांत ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम खाली बसवले, आणि किरणांचा मोठा मारा सोसल्यानंतरही त्याची ही क्षमता टिकून राहिली. हे काम प्रयोगशाळेतील आहे. जनुक बदललेला जीव उघड्या जमिनीत सोडणे ही निराळीच बाब असून तिला निराळ्या कसोट्या लागतात. फॉस्फेटच्या मार्गात जिवाणूला फॉस्फेटयुक्त सेंद्रिय पदार्थही सतत पुरवावा लागतो. बंदिस्त टाकीतील सांडपाण्यासाठी म्हणूनच तो अधिक सोयीचा आहे.

आपल्याकडील विहिरी

भारतात युरेनियमचे उत्खनन झारखंडमधील जादुगुडा परिसरात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून होत आले आहे. तेथील मातीतील जिवाणूंचा अभ्यास भारतीय संशोधकांनी केलेला आहे. मात्र देशातील बहुतेक ठिकाणी भूजलात आढळणारे युरेनियम खाणीतून आलेले नसून खडकातूनच आलेले असते. राजस्थान व गुजरात या राज्यांतील ३२४ विहिरींच्या तपासणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. राजस्थानातील तपासलेल्या विहिरींपैकी सुमारे एक तृतीयांश विहिरींत युरेनियम ३० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. गुजरातेत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. खडकात मुळातच असलेले युरेनियम, पाण्यातील बायकार्बोनेट, अतिउपशाने खालावलेली पातळी आणि त्यामुळे आत शिरणारा प्राणवायू, तसेच नायट्रेट, ही कारणे त्या संशोधकांनी सांगितली. वर वर्णन केलेली विरघळण्याची क्रिया ती हीच. भारतीय मानक संस्थेने २०२१ साली पिण्याच्या पाण्याच्या मानकात युरेनियमसाठी प्रतिलिटर ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, ही मर्यादा समाविष्ट केली. नायट्रेटची मर्यादा त्याच मानकात प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम अशी आहे.

युरेनियमला पाण्यात रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. ते आहे की नाही हे प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळते. म्हणून ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना पाठवताना युरेनियम व नायट्रेट या दोहोंची मागणी नोंदवणे इष्ट. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने ते किंचित दाट होते. तुरटी फिरवणे वा क्लोरीन टाकणे हा त्यावरील खात्रीचा उपाय नव्हे. सूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळणारी आर. ओ. यंत्रे आणि विशिष्ट राळेचे गाळणे यांमुळे ते बरेचसे निघते. मात्र अशा यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, त्यात काढलेले सारे युरेनियम एकवटलेले असते. ते विहिरीच्या काठाशी किंवा परसातील खड्ड्यात सोडले, तर थोड्याच अंतरावरील मातीतून ते पुन्हा त्याच झऱ्याकडे निघते.